बोलणं बंद, पत्र चालू

दार्सैत, मस्कत
२० ऑक्टोबर २०२३

चि. उर्वी हीस,

आशीर्वाद आहेत, बोलणं मात्र नाही. बँकेची नोकरी सोडून पिक्चर बनवायला निघालीस तेव्हा विमानतळावर मी म्हटलं होतं की आजपासून माझं-तुझं बोलणं बंद. ते तसंच आहे. पण लिहिणार नाही असं मी कुठे म्हटलं होतं? ही पळवाट आज सकाळी दाढी करताना सुचली आणि चहा व्हायच्या आत लिहायला बसलो. तुझी आई या कागदांचे फोटो काढून तुला फोनवर पाठवणार आहे आणि मला त्यातलं काही ठाऊक नाही, असं आमच्यात ठरलं आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. जोडाक्षर आलं की तू थांबतेस हे मी विसरलेलो नाही. जिला मराठीतलं पत्र वाचायला अर्धा तास लागतो ती मलेशियात जाऊन होक्किएन भाषेत पिक्चर काढते, यावर मला बरंच बोलायचं होतं, पण बोलणं बंद आहे.

लिहायचं कारण म्हणजे तुमच्या पेनांगचा पिक्चर आमच्या दारात आलाय. सहाशे वर्षांपूर्वी चिनी बादशहाचं आरमार ओमानच्या किनाऱ्याला लागलं होतं म्हणे, त्याची गोष्ट. कुरियातच्या पुढे समुद्रकाठी अर्धं जहाज उभं करतायत. अर्धंच, कारण दुसरी बाजू कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याचे कठडे, जिने आणि केबिनची दारं करायचं काम आमच्या अझैब्याच्या वर्कशॉपला मिळालं. आमचा मालक, अर्बाब महमूद, सही करून आला आणि मला म्हणाला, आता ऑफिसची टेबलं खलास, आता जहाज. इतक्या वर्षांच्या फोरमनकीत मी त्याला असा नाचताना पाहिला नव्हता.

एकच दुःख आहे. सगळं प्लायवूड. सागवान दिसलं पाहिजे, असायला नको. मी दोन दिवस फुगून बसलो. मग आपल्या हारूनने, तो दाभोळचा पॉलिशवाला, एका फळीवर असा हात फिरवला की मीच फसलो आणि ठोकून बघितलं.

आता खरी गोष्ट. युनिटमध्ये सेंग नावाचे एक म्हातारे नट आहेत. मी त्यांना सेंगभाऊ म्हणतो. जहाजावरच्या आचाऱ्याचं काम करतात. शूटिंग नसलं की हॉटेलात न बसता आमच्या वर्कशॉपमध्ये स्टूल टाकून बसतात. मी कानावर पेन्सिल कशी खोचतो, फळी वाकडी निघाली की नाकातून आवाज कसा काढतो, सगळं निरखतात. मला वाटलं, माणसाला सुतारकामाची आवड दिसते. काल सहज म्हटलं की माझी मुलगी तुमच्या पेनांगला असते, उर्वी तिचं नाव. तर ते स्टुलावरून उठलेच. म्हणाले, माझ्या डायरेक्टरचे वडील तुम्ही. तुझ्या पिक्चरमध्ये मुख्य काम त्यांचंच आहे आणि तो अर्धाच पडून आहे, एवढं सांगितलं. पुढचं तिलाच विचारा म्हणाले.

म्हणून विचारतोय. पिक्चर अर्धा का राहिला?

घरी सगळं ठीक. पुढचं दार अजून घासतं, तुझी आई रोज टोकते. दिवसभर लोकांची दारं करून आल्यावर घरच्या दाराकडे बघवत नाही.

बाबा


दार्सैत
१७ नोव्हेंबर २०२३

चि. उर्वी,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. तिने मोठ्याने वाचलं, मी पेपर वाचत असताना. पेपरात काय होतं ते आता आठवत नाही.

तू लिहिलंस ते मला कळलं तसं सांगतो, चुकलं तर कळव. पेनांगात होक्किएन बोलणाऱ्या चिनी लोकांचे आपले छोटे-छोटे पिक्चर निघायचे. कुणाच्या कॉफीच्या दुकानात, कुणाच्या माडीवर. दिवे याचे, कॅमेरा त्याचा, जेवण दिग्दर्शकाच्या मावशीचं. खर्च एखाद्या लग्नाएवढा. चिनी नववर्षाला सगळी आजोबा-आजी-नातवंडं मिळून बघायची, पैसे वसूल, की पुढचा. मग मोठ्या कंपनीने ठरवलं की जगाला दाखवून देऊ, होक्किएन भाषेतही केवढा पिक्चर होतो. झालं. सगळ्यांचा पैसा त्यात, थिएटरवाल्यांची आगाऊ रक्कम त्यात, चांगले नट, कॅमेरावाले, शिंपी, सगळे वर्षभरासाठी बांधून घेतले. उरलेल्यांना दिवेही भाड्याने मिळेनात. येत्या नववर्षाला लावायला एकही होक्किएन पिक्चर तयार नाही, आणि तुझ्या पिक्चरचा म्हातारा इथे आमच्या स्टुलावर बसलाय.

म्हणजे जत्रेची सगळ्या गावाची वर्गणी एकाच आकाशपाळण्यात घातली. पाळणा झकास, पण जिलेबीचं दुकान नाही, बांगड्यांचं नाही, आणि पाळणा अजून उभाही झालेला नाही.

होक्किएनला मँडरिन म्हणजे आपल्याला हिंदी, हे तुझं वाक्य मात्र एका फटक्यात समजलं. इथे मराठी पिक्चरचा एक खेळ लागायचा तर मंडळाला घरोघर फोन करून माणसं गोळा करावी लागतात, आणि शेजारच्या पडद्यावर हिंदी दिवसभर धो-धो चालू असतो.

पण मी पडलो प्लायवूडच्या बाजूचा. ज्या पिक्चरने तुझं काम अडवलं त्याच्यावरच सध्या आमचं वर्कशॉप चाललंय. पेनांगहून आलेली सुतारमंडळीही खूश आहेत, एवढं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या पिक्चरच्या दिग्दर्शक बाई काल वर्कशॉपला आल्या होत्या. पूर्वी त्याही तुझ्यासारखे छोटे पिक्चर काढायच्या. म्हणाल्या, आमच्या भाषेला लोक स्वयंपाकघरातली भाषा म्हणतात, मला तिला एकदा जहाजावर बसवायचं आहे. हेही काही खोटं नाही. मला त्यांचा राग धरता येईना.

मग मी धीर करून त्यांना विचारलं, सेंगभाऊंना एक दिवस सोडाल का. तुझा एकच प्रसंग राहिलाय ना, म्हातारा घरात एकटा आहे, दाराशी मुलगी आलीय, तेवढाच? मुलीचं काम तिथे होऊन गेलंय, फक्त म्हातारा आणि दार हवं? बाई म्हणाल्या, शुक्रवारी आम्हाला सुटी असते, सुटीत सेंगभाऊंनी काय करायचं हा त्यांचा प्रश्न. तुझ्याबरोबर पूर्वी काम केलेला कॅमेरावालाही त्यांच्याच युनिटमध्ये आहे, तोही येतो म्हणाला. आणि सेंगभाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, दार दयानंदच्या घरचंच घेऊ. जहाजाचं काम जरा आटोपलं की जानेवारीत करू.

तेव्हा तुझा पिक्चर इथे पुरा होणार. हे मी तुझ्यावरची माया म्हणून करतोय असं समजू नको. अर्धवट काम मला बघवत नाही, एवढंच.

बाबा

ता. क. मायाही आहे. आईने फोटो काढताना ही ओळ कापू नये.


दार्सैत
१५ डिसेंबर २०२३

चि. उर्वी,

मोठा घोळ करून बसलोय.

रविवारी किनाऱ्यावर बुडून मेलेले खलाशी हवे होते आणि माणसं कमी पडली. मला आणि हारूनला कपडे चढवले, अंगावर पाणी ओतलं आणि वाळूत पालथं घातलं. मी मेलो. चांगला मेलो. एक खेकडा कानावरून गेला तरी हललो नाही. शेवटी एका पोराने येऊन आम्हा मेलेल्यांना एकेक लाल पाकीट दिलं.

आता मला काय माहीत? आत पैसे, वर सोनेरी फूल. मी समजलो, मानाचं पाकीट. दुसऱ्या दिवशी सेंगभाऊंचा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस होता. मानाचं पाकीट आलं की गिळून बसायचं नाही, त्यात आपली भर घालून कुणा मोठ्या माणसाला द्यावं, असं मला वाटलं. तुझ्या आजीने मला तेच शिकवलं. मी त्यात शकुनाचा एक रुपया टाकला, तो मी कायम खिशात बाळगतो, आणि वाढदिवसाला सगळ्या युनिटसमोर दोन्ही हातांनी सेंगभाऊंना दिलं. वाकून नमस्कार केला.

त्यांनी फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा पांढराफटक. पाकीट टेबलावर ठेवून निघून गेले.

मग त्या पाकीट वाटणाऱ्या पोराने हारूनला समजावलं आणि हारूनने मला. तुमच्याकडे जो पडद्यावर मरतो त्याला ते पाकीट देतात, अंगाला लागलेलं मरण झटकून टाकायला. पैसे त्याच दिवशी खर्च करायचे. आणि मी ते म्हाताऱ्या माणसाला, वाढदिवशी, वाकून. वर एक रुपया. म्हणजे मरण दिलं आणि व्याजही दिलं. तुला हे ठाऊक असणारच. बोलणं चालू असतं तर तू मला वेळेवर सांगितलं असतंस, असं तुझी आई म्हणाली.

सेंगभाऊ आता वर्कशॉपला येत नाहीत. स्टूल रिकामं आहे. निरोप पाठवलाय की दयानंदच्या घरी पाऊल ठेवणार नाही, जानेवारीचं विसरा. अर्बाब सांगायला गेला, नाही. बाईंनी सांगून पाहिलं, नाही. हारून म्हणाला, "फोरमन, बुढ्याला डर लागलाय. डर लागला की शाना माणूस पण ऐकत नाय."

मला फार वाईट वाटतंय, उर्वी. तुझ्या पिक्चरचं शेवटचं दार मी माझ्या हाताने बंद केलं.

बाबा


दार्सैत
२९ डिसेंबर २०२३

चि. उर्वी,

आई तुला फोनवर सगळं सांगून मोकळी झाली असणार, पण तिच्या सांगण्यात सगळं तिनेच केलं असं येतं. खरंतर तिनेच केलं. तरी माझ्या तोंडून ऐक.

गेल्या रविवारी मी घरी कपाळाला हात लावून बसलो होतो. आई म्हणाली, "अवो, लागला हा ता काढूक नको? आमच्याकडे काय माणसाक लागना नाय?" आणि पिशवीत खडे मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घालून माझ्याबरोबर अझैब्याला आली. जेवणाचा डबाही घेतला, सुरमईचं कालवण आणि भात. तिचं म्हणणं, दृष्ट काढली आणि माणूस उपाशी परत गेला तर उपयोग नाही.

सेंगभाऊंना बाईंनी कठड्याचं माप बघायला म्हणून वर्कशॉपला आणलं. तुझ्या आईने त्यांना स्टुलावर बसवलं. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मालवणी येत नाही, पण हातात मिरच्या घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायची हिंमत जगात कुणाची आहे? तिने सात वेळा ओवाळलं, पुटपुटली. आता टाकायचं कशात, विस्तव कुठे? अर्बाब महमूदने आपली धूप जाळायची मजमर आणून ठेवली, निखारे फुललेले. आईने सगळं त्यात टाकलं. अर्बाब म्हणाला, लुबानही टाकतो, आमच्याकडे नजरेवर हेच चालतं. त्याने मूठभर टाकला. धूर असा उठला की हारून दार उघडून बाहेर पळाला.

आणि मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही. एकही शिंक नाही. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, बघा, केवढी लागली होती. मूठभर लुबानामुळे ठसका लागला नसेल अशी मला दाट शंका आहे, पण ती मी फक्त इथे लिहितोय. मी सेंगभाऊंना इंग्रजीत समजावलं, ठसका नाही म्हणजे नजर मोठी होती, आता जळली. त्यांनी मजमरीत वाकून बघितलं. मग टेबलावर सोडून गेलेलं ते पाकीट, जे त्या पाकीट वाटणाऱ्या पोराने उचलून ठेवलं होतं, त्यांनी मागवलं आणि मला परत दिलं. आजच्या आज खर्च कर म्हणाले. मी तसाच जाऊन ओमानी हलवा आणला आणि सगळ्या वर्कशॉपला वाटला. पहिला घास सेंगभाऊंना, दुसरा मला. रुपया मात्र इथे कुणी घेईना, तो समुद्रात टाकला.

नंतर त्यांनी सुरमई खाल्ली. दोनदा भात घेतला. स्टूल पुन्हा भरलं आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी ठरली. आईने पडदे धुवायला काढलेत. तुझ्या पिक्चरमध्ये ते दिसणार नाहीत असं सांगितलं तरी ऐकत नाही.

बाबा


दार्सैत
१३ जानेवारी २०२४

चि. उर्वी,

काल तू फोनमध्ये होतीस म्हणजे तुला सगळं दिसलं असं तुला वाटत असेल. तुझी आई फोन धरून फिरत होती, त्यामुळे निम्मा वेळ तुला आमचं छत दिसलं. जे दिसलं नाही ते लिहितो.

सकाळी कॅमेरावाला आला, हारून आला आणि सेंगभाऊ आले. त्यांनी आल्या-आल्या माझ्या कानावरची पेन्सिल काढली आणि आपल्या कानावर ठेवली. मग भिंतीवर हात फिरवून नाकातून आवाज काढला. माझाच. तुझी आई हसता-हसता खाली बसली. मी विचारलं, ही नक्कल कधी शिकलात? तर ते शांतपणे म्हणाले, "शिकलो नाही. वर्षभर मी तुलाच करतोय. तुझ्या मुलीने लिहिलंय ते. म्हातारा, सुतार, मुलीशी बोलत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला.

बाहेर आलो तर तू फोनवरून दिव्याचं काहीतरी सांगत होतीस आणि मी आईला म्हणत होतो, तिला सांग दिवा खिडकीकडून हवा. तू म्हणालीस, बाबांना सांग दिवा आहे तिथेच राहू दे. असं चार-पाच वेळा झाल्यावर आई वैतागली. "तुमका बोलूचा नाय तर गप रवा," म्हणाली. मी जाऊन दिवा धरला.

मग सेंगभाऊंनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे म्हाताऱ्याचं वाक्य नव्हतं, नुसती रेघ. इथे मी काय बोलू? असं त्यांनी फोनकडे बघून विचारलं. तू इंग्रजीत म्हणालीस की मला माहीत नाही तो काय म्हणेल. दोन वर्षं विचार करतेय, सुचत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बिजागरीकडे पाहिलं.

कॅमेरावाला म्हणाला, आधी दाराचा आवाज घेऊन बघू. हारूनला बाहेर पाठवलं, मुलीच्या जागी. त्याने टकटक केलं आणि दार ढकललं. ढकललं, ढकललं, चौकट हलायला लागली. आमचं दार कसं आहे तुला ठाऊक आहे. तो खांदा लावायच्या बेतात असणार. मला राहवेना आणि मी ओरडलो, "अरे हारून, उचलून ढकल!"

हारूनने उचलून ढकललं, आत आला, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. सेंगभाऊंनी विचारलं, काय म्हणालास? मी सांगितलं की बिजागरी खाली बसलीय, म्हणून दार जरा उचलून ढकलावं लागतं. दाराशी तुझी मुलगी असती तरी हेच म्हणाला असतास का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, नाहीतर ती आत कशी येणार?

त्यांनी मान हलवली. हारूनला परत बाहेर पाठवलं. कॅमेरा सुरू झाला. टकटक झाली, सेंगभाऊ उठले, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली, दाराकडे बघत उभे राहिले. आणि त्यांच्या भाषेत हळू आवाजात ते वाक्य म्हणाले. मला होक्किएनचं अक्षर कळत नाही. पण हातातला दिवा हलला. तो हललेला दिवा पिक्चरमध्ये ठेवावा लागला तर माफी असावी.

फोनमध्ये तू मान खाली घालून बसली होतीस. तुझ्या केसांचा भांग तेवढा दिसत होता, वाकडा, लहानपणासारखा.

एक नोंद असू दे. मी तुझ्याशी बोललो नाही. मी हारूनशी बोललो.

बाबा


दार्सैत
९ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वी,

जहाजवाला पिक्चर शेवटी इथे लागला. अर्बाब, हारून आणि मी, तिघे मॉलमध्ये गेलो. आमचे कठडे डोळ्यांत भरण्यासारखे दिसले. वादळात त्यावर लाट आपटते तेव्हा अर्बाबने माझा हात घट्ट धरला. मेलेला मीही आहे, पण पाठमोरा. पिक्चर देखणा आहे, खोटं बोलणार नाही. बाईंनी जीव ओतलाय.

मग सेंगभाऊ पडद्यावर आले, तोंड उघडलं आणि आतून दुसराच माणूस बोलला. तरणाबांड, खणखणीत. ओठ एक म्हणतायत, आवाज एक. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो की हा आवाज ह्यांचा नाही. मागच्या माणसाने मला खाली बसवलं. हारूनने त्याला समजावलं, फोरमन घरचा माणूस आहे.

तू कळवलंस तेव्हा उलगडा झाला. एवढा खर्च पेनांगच्या थिएटरांतून वसूल होईना, म्हणून पिक्चर चीनला विकायला हवा, आणि चीनला विकायचा तर मँडरिन हवी. होक्किएन आवाजाचा पिक्चर तुमच्याकडे दोन-चार ठिकाणी लागला, बाकी जगभर मँडरिन. स्वयंपाकघरातल्या भाषेला जहाजावर बसवायला निघाले आणि जहाज सुटताना तिला धक्क्यावरच ठेवून गेले. मला बाईंसाठी वाईट वाटलं. कंपनीने कार्यालय बंद केलं, त्या आता काय करतात?

तुझा पिक्चर गेल्या जूनमध्ये जुन्या थिएटरात लागला तेव्हा तू लिहिलं होतंस की वर्षभर होक्किएन पिक्चरच नसल्यामुळे म्हातारी माणसं तिसऱ्यांदा बघायला येतायत, नुसतं कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय म्हणून. शेवटच्या वाक्याला सगळं थिएटर हसतं आणि मग नाक पुसतं, असंही लिहिलं होतंस. तू पाठवलेली लिंक आईने पाच वेळा लावली. मी पाहिलेला नाही. मी स्वयंपाकघरात असतो. पण ऐकतो. त्यात आवाज सेंगभाऊंचा स्वतःचा आहे.

पाडव्याला येतेस असं आईच्या फोनवर वाचलं. म्हणजे आईने वाचलं, मी शेजारी उभा होतो. ये. तुझी आठवण येते. हे मी पत्रात लिहू शकतो, त्यात बोलण्याचा काही संबंध नाही.

बाबा


दार्सैत
७ एप्रिल २०२५

चि. उर्वी,

आता रोज फोनवर बोलतो तर पत्र कशाला, असं तू म्हणशील. परवा आई म्हणाली, बोलणं बंद होता तेवाच बरा होता, निदान फोन माझ्या हातात असायचा. पण ही गोष्ट लिहून ठेवायची राहिली होती, आणि तुला मराठी वाचायचा सराव हवाच आहे.

पाडव्याच्या सकाळी तू येणार म्हणून मी आदल्या दिवशी एक वाक्य तयार केलं होतं. भारदस्त. "ये, उर्वी. झालं गेलं विसरून जाऊ." आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. गॅलरीत गुढी उभी केली, काठी वर्कशॉपमधली, रंधा मारलेली. नवा सदरा घातला. कानावर पेन्सिल होती हे मला नंतर कळलं.

तू टकटक केलंस. आईला मी पुढे जाऊ दिलं नाही. तू दार ढकललंस आणि ते घासलं, अडकलं. तू पुन्हा ढकललंस. चार वर्षांत तू दाराची खोड विसरली होतीस. माझं भारदस्त वाक्य कुठे गेलं कोण जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच.

"उचलून ढकल गो."

बाहेरून तुझं हसणं ऐकू आलं, आणि हसण्याच्या मध्येच ते मोडलं. दार उघडायला तुला बराच वेळ लागला. मी आतून मदत करायचं विसरून तिथेच उभा राहिलो.

तू येऊन आधी माझ्या पायाला हात लावलास आणि मग कानावरची पेन्सिल काढून घेतलीस. ती तू परत दिलेली नाहीस. माझी आवडती होती.

त्या दिवशी दुपारी पिक्चर पाहिला, तू, आई आणि मी, शेजारी-शेजारी. म्हातारा फार हट्टी दाखवलायस. मी इतका नाही. आई म्हणाली, कमीच दाखवलाय. दुसऱ्या दिवशी ईदला अर्बाबच्या घरी गेलो तेव्हा तू त्याच्या मुलांना पुन्हा तोच पिक्चर दाखवलास आणि शेवटी अर्बाब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, माझ्या फोरमनच्या घरचं दार असं? वर्कशॉपची अब्रू घालवलीस.

काल तू फोनवर सांगितलंस ते मी अर्बाबला आणि हारूनला सांगितलं. पेनांगात पुन्हा चार छोटे पिक्चर सुरू झालेत. जहाजवाल्या कंपनीचे दिवे लिलावात निघाले आणि सगळ्यांनी मिळून घेतले, ते आता पाळीपाळीने फिरतात. सेंगभाऊ तिघांत आहेत, आणि स्वतःच्या आवाजात. त्या बाईही कॉफीच्या दुकानात शूटिंग करतायत, जेवण त्यांच्या मावशीचं. ऐकून फार बरं वाटलं. सेंगभाऊंना सांग, स्टूल राखून ठेवलंय.

तू गेल्यावर मी रंधा घेऊन दाराशी दोनदा बसलो. बिजागरी घट्ट करायची, खालची कड थोडी तासायची, सकाळभराचंही काम नाही. आई चहा घेऊन उभी होती, एवढ्या वर्षांनी मुहूर्त लागला म्हणून खूश. मी रंधा जागेवर ठेवून दिला. तिने चहा पुढे केला, तिला कळलं.

दार तसंच ठेवतोय. तू पुन्हा येशील तेव्हा आधी काय बोलायचं, याचा मला विचार करायला नको.

तुझा,
बाबा